कच्चे सोयाबीन अंगी का लागत नाही? बियांतील प्रथिनांचा माग काढणारे थॉमस ऑसबोर्न

दरवर्षी सोयाबीनची काढणी उरकली की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला घरातला. सोयाबीन आपल्याच शेतातले आहे, प्रथिने ४० टक्क्यांच्या आसपास आहेत, मग दळणात किलोभर कच्चे टाकून पोळ्या केल्या तर काय बिघडले? दुसरा परसातला. कोंबडीखाद्य महाग झाले आहे, तर घरचेच सोयाबीन भरडून कोंबड्यांना घातले तर चालेल का? दोन्ही प्रश्नांना मी नाही असे उत्तर देतो आणि लोकांना ते पटत नाही. कागदावर ४० टक्के लिहिलेले असताना पिल्लू वाढत का नाही, असा त्यांचा सवाल असतो. तो रास्तच आहे.

हे उत्तर प्रयोगाने शोधणाऱ्या माणसाची ओळख आज तुम्हाला करून द्यायची आहे. त्यांचे नाव थॉमस बर ऑसबोर्न. कृषी पदवीच्या अभ्यासात मी हे नाव पहिल्यांदा वाचले ते चार ओळींत: अल्ब्युमिन पाण्यात विरघळते, ग्लोब्युलिन मिठाच्या पाण्यात, प्रोलामिन अल्कोहोलमध्ये, ग्लुटेलिन सौम्य आम्ल किंवा अल्कलीत. ऑसबोर्न वर्गीकरण, चार गुण. आम्ही ते पाठ केले, पेपरात उतरवले आणि विसरलो. त्या चार ओळींसाठी एका माणसाने आयुष्यातली वीस वर्षे दिली, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

ऑसबोर्न यांचा जन्म ५ ऑगस्ट १८५९ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, न्यू हेवन या गावी झाला. घरची परिस्थिती चांगली होती. आईचे वडील एलाय व्हिटनी ब्लेक यांनी दगड फोडण्याचा जबड्याचा क्रशर शोधला होता. आज आपल्याकडे खडी क्रशरवर जे यंत्र दिसते, त्याचे मूळ तिथे आहे. लहानपणापासून थॉमस यांना पक्ष्यांचा नाद होता आणि तो पुढे आयुष्यभर टिकला. शिक्षण गावातल्याच येल विद्यापीठात झाले. १८८१ मध्ये पदवी आणि १८८५ मध्ये रसायनशास्त्रातील डॉक्टरेट. प्रबंधाचा विषय धातूच्या विश्लेषणाचा होता, शेतीशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण मोजमाप अचूक करायची सवय तिथेच लागली, आणि पुढचे सगळे काम याच सवयीवर उभे राहिले.

१८८६ मध्ये ते कनेक्टिकट कृषी प्रयोग केंद्रात रुजू झाले. हे केंद्र १८७५ साली सुरू झाले आणि अमेरिकेतील राज्य पातळीवरचे ते पहिले प्रयोग केंद्र. त्याची गरज का पडली, तर बाजारात खतांच्या नावाखाली काहीही विकले जात होते आणि शेतकऱ्याला ते तपासून देणारे कोणी नव्हते. केंद्राचे संचालक होते सॅम्युअल जॉन्सन. ते जर्मनीत लीबिग यांच्याकडे शिकून आलेले रसायनतज्ज्ञ होते. ऑसबोर्न यांनी त्याच वर्षी जॉन्सन यांच्या मुलीशी लग्न केले, त्यामुळे साहेब आणि सासरे एकच झाले. जावयाला नोकरी दिली म्हणून कुजबुज झाली असेल, तर पुढच्या कामाने ती बंद झाली असणार.

सुरुवातीला त्यांच्याकडे मातीचे काम होते. जमिनीतील वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचे प्रमाण काचपात्रांतून निथळत वेगळे करण्याची एक पद्धत त्यांनी बसवली. मग १८८७ मध्ये अमेरिकेत हॅच कायदा झाला आणि प्रयोग केंद्रांना सरकारी पैसा मिळू लागला. नुसत्या तपासण्या सोडून संशोधन करायला थोडी मोकळीक आली. १८८८ मध्ये जॉन्सन यांनी जावयाला एक विषय सुचवला: ओटच्या दाण्यातील प्रथिने. विषय लहान दिसत होता, पण ऑसबोर्न यांनी तो धरला तो निवृत्तीपर्यंत, म्हणजे ४० वर्षे.

त्या काळी काय मानले जात होते हे आधी समजून घ्या, म्हणजे या कामाची किंमत कळेल. लीबिग आणि त्यांच्या परंपरेतील लोकांची समजूत अशी होती की वनस्पतीतील प्रथिने आणि प्राण्यातील प्रथिने मुळात सारखीच. अंड्यात आहे ते अल्ब्युमिन, दुधात आहे ते केसिन, रक्तात आहे ते फायब्रिन, आणि बियांतही हीच तीन थोड्याफार फरकाने. म्हणजे प्रथिन ते प्रथिन. किती आहे एवढे मोजा, कोणते आहे हे विचारायचे कारण नाही. जर्मनीत रिटहाउझेन नावाच्या रसायनतज्ज्ञाने याच्या उलट पुरावे जमवले होते. गव्हाच्या ग्लुटेनमधून ग्लुटामिक आम्ल त्यांनीच १८६६ मध्ये वेगळे काढले. पण ते प्रथिने काढायला अल्कली वापरतात आणि त्याने प्रथिने बिघडतात, असा आक्षेप घेऊन त्यांचे म्हणणे बाजूला सारले गेले. ऑसबोर्न यांनी रिटहाउझेन यांचे काम पुन्हा करून पाहिले, चुका होत्या तिथे दाखवल्या आणि जे बरोबर होते त्याचे श्रेय त्या म्हाताऱ्याला उघडपणे दिले. संशोधनात ही गोष्ट वाटते तितकी सर्रास घडत नाही.

काम कंटाळवाणे होते, हे मान्य करावे लागेल. दाणा दळायचा, त्यातले तेल काढून टाकायचे, पीठ आधी पाण्यात, मग मिठाच्या द्रावणात, मग ७० ते ७५ टक्के अल्कोहोलमध्ये, शेवटी सौम्य अल्कलीत ढवळायचे. प्रत्येक वेळी जे उतरले ते गाळायचे. मिठातले प्रथिन पडद्याच्या पिशवीत भरून वाहत्या पाण्यात लटकावायचे. मीठ हळूहळू निघून जाते आणि प्रथिन खाली बसते. काही बियांत ते चक्क स्फटिकांच्या रूपात बसते. एकदा काढलेले प्रथिन पुन्हा विरघळवायचे, पुन्हा बसवायचे आणि दर वेळी त्यातला कार्बन, हायड्रोजन, नत्र, गंधक मोजायचा. आकडे जुळेपर्यंत हेच. गहू, मका, राय, बार्ली, वाटाणा, मसूर, घेवडा, चवळी, सोयाबीन, भांग, एरंडी अशा तीसहून अधिक प्रकारच्या बिया या चक्रातून गेल्या.

यातून ज्या गोष्टी बाहेर आल्या त्यातल्या काही तुमच्या स्वयंपाकघरात रोज दिसतात. कणकेचा गोळा नळाखाली धुतला तर पिठूळ पाणी निघून जाते आणि रबरासारखा चिकट गोळा उरतो. तो ग्लुटेन. ऑसबोर्न आणि त्यांचे सहकारी व्हूरहीस यांनी १८९३ मध्ये दाखवले की हा गोळा दोन प्रथिनांचा मिळून होतो: ग्लायडिन आणि ग्लुटेनिन. एक ताण देते, दुसरे बळ. ज्वारीत ही जोडी नाही, म्हणून भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. घेवड्यातील मुख्य प्रथिनाला फॅसिओलिन आणि सोयाबीनमधल्याला ग्लायसिनिन ही नावेही त्यांच्याच प्रयोगशाळेतून आली. प्रोलामिन हा शब्दही त्यांचाच.

तुमच्या धान्याच्या तपासणी अहवालातही हे गृहस्थ लपलेले आहेत. प्रयोगशाळा थेट प्रथिन मोजत नाही, नत्र मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते. गव्हासाठी मात्र ५.७ ने गुणायचे असते. गव्हाच्या प्रथिनात नत्र १६ टक्के नसून साडेसतरा टक्क्यांच्या वर आहे, हे ऑसबोर्न यांच्या शुद्ध नमुन्यांवरून कळले आणि त्यातूनच तो आकडा निघाला. एकाच गव्हाचे दोन अहवाल वेगवेगळे आले तर आधी कोणत्या आकड्याने गुणले ते विचारा.

एरंडीची गोष्ट थोडी वेगळी. १९०५ मध्ये ऑसबोर्न, मेंडेल आणि हॅरिस यांनी एरंडीच्या बियांतील विष, म्हणजे रायसिन, बऱ्याच शुद्ध स्वरूपात वेगळे केले आणि ते स्वतःच एक प्रथिन आहे असे ठामपणे मांडले. त्या काळी प्रथिन म्हणजे पौष्टिक, विष म्हणजे दुसरेच काहीतरी, अशी विभागणी लोकांच्या डोक्यात होती. इथे तर प्रथिनच मारक निघाले. एरंडीची पेंड खत म्हणून उत्तम आहे, पण जनावरांच्या गव्हाणीजवळ ठेवू नका असे आम्ही सांगतो ते याच कारणाने. तेलाच्या घाण्यातून निघताना पेंडीला पुरेशी उष्णता लागली की नाही, हे पोत्याकडे पाहून कळत नाही.

या लेखात नाव आलेले लाफायेट मेंडेल येल विद्यापीठात शरीरक्रिया-रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि ऑसबोर्न यांच्यापेक्षा १३ वर्षांनी लहान. दोघांचे स्वभाव वेगळे. मेंडेल यांना वर्ग, विद्यार्थी, व्याख्याने आवडत. ऑसबोर्न बुजरे, सभेत बोलायचे म्हटले की अंग चोरणारे, पण प्रयोगशाळेत जवळच्या माणसांशी वाद घालायला तयार. १९०९ मध्ये या दोघांनी एक मोठा प्रयोग एकत्र सुरू केला आणि ती जोडी जवळपास वीस वर्षे टिकली. त्यांचे शंभरहून अधिक शोधनिबंध दोघांच्या नावावर आहेत.

प्रयोगामागचा विचार सरळ होता. तोपर्यंत ऑसबोर्न यांच्याकडे कपाटभर शुद्ध प्रथिने जमली होती आणि प्रत्येकातील अमिनो आम्लांचे प्रमाण मोजून झाले होते. मक्याच्या झीन या प्रथिनात लायसिन नाही, ट्रिप्टोफॅनही नाही. गव्हाच्या ग्लायडिनमध्ये लायसिन अगदी नगण्य. कागदावर फरक दिसत होता. पण खाणाऱ्याच्या अंगात हा फरक दिसतो का? त्यासाठी पांढऱ्या उंदरांना एका वेळी एकच प्रथिन द्यायचे, बाकी पिष्ट, चरबी, क्षार सारखे ठेवायचे आणि वजन करत राहायचे. कार्नेगी संस्थेने पैसा पुरवला.

निकाल तुम्ही स्वतःच्या गोठ्याला लावून पाहा. झीन खाणारे उंदीर वजन गमावत गेले आणि मेले. त्याच आहारात ट्रिप्टोफॅन मिसळले तर वजन टिकले, पण वाढ नाही. ट्रिप्टोफॅनबरोबर लायसिनही दिले तेव्हा तेच उंदीर वाढू लागले. ग्लायडिनवर उंदीर जगत, मोठ्या उंदराचे वजन टिकून राही, पण पिल्लू पिल्लाएवढेच राही. लायसिन घातले की थांबलेली वाढ पुन्हा सुरू होई. १९१४ मध्ये हे सगळे छापून आले. ट्रिप्टोफॅनचा पहिला धागा इंग्लंडमध्ये हॉपकिन्स आणि विलकॉक यांनी १९०६ मध्ये उंदरांवरच शोधला होता, हेही नमूद करायला हवे. पण वाढीसाठी काय कमी पडते ते एकेक आम्ल घालून, काढून आणि पुन्हा घालून दाखवणे हे न्यू हेवनमधले काम. नुसत्या मक्याच्या भरड्यावर कोंबडीचे पिल्लू का खुरटते, याचे कारण इथे आहे. मक्याच्या प्रथिनात जवळपास निम्मा वाटा झीनचा असतो.

याच कामात त्यांच्या हातून एक मोठा मान थोडक्यात निसटला. शुद्ध आहारावरचे उंदीर काही महिन्यांनी डोळ्यांच्या विकाराने खंगत. चरबी म्हणून डुकराची चरबी दिली की असे होई, लोणी दिले की होत नसे. लोण्यात वाढीला लागणारे काहीतरी आहे, असे त्यांनी १९१३ मध्ये लिहिले. त्यालाच आपण आज अ जीवनसत्त्व म्हणतो. पण विस्कॉन्सिनच्या मॅक्कॉलम आणि डेव्हिस यांचा निबंध त्याच मासिकाकडे सुमारे तीन आठवडे आधी पोहोचला होता आणि शोधाचे श्रेय तिकडे गेले.

आता सोयाबीनकडे येऊ. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. मांस आणि गहू वाचवायचे, त्याऐवजी दुसरे काय खाता येईल याचा शोध सुरू झाला. तिकडे तोपर्यंत सोयाबीन हे मुख्यतः चाऱ्याचे पीक होते. ऑसबोर्न यांनी त्यातील ग्लायसिनिन पूर्वीच अभ्यासले होते आणि त्यातील अमिनो आम्लांचा समतोल इतर कडधान्यांपेक्षा चांगला आहे हे त्यांना ठाऊक होते. म्हणजे कागदावर सगळे उत्तम. पण कच्च्या सोयाबीनचे पीठ दिलेले उंदीर नीट वाढेनात. तेच सोयाबीन पाण्यासह वाफेवर तीन तास शिजवून दिले, तर उंदीर व्यवस्थित वाढले. दाणा तोच, नत्राचा आकडा तोच, अमिनो आम्ले तीच. फरक फक्त शिजण्याचा.

मला हा प्रयोग झीनच्या प्रयोगापेक्षाही मोलाचा वाटतो. झीनमध्ये काहीतरी कमी होते आणि ते घालून भागले. सोयाबीनमध्ये कमी काही नव्हते, जास्त होते. बीमध्ये असे काहीतरी होते जे चांगले प्रथिन अंगी लागू देत नव्हते आणि उष्णतेने ते निकामी होत होते. ते नेमके काय, याचा छडा ऑसबोर्न यांना लागला नाही. त्यांनी निरीक्षण तेवढे नेटके नोंदवून ठेवले.

छडा लागायला आणखी जवळपास तीस वर्षे गेली. १९४५ मध्ये मोझेस कुनिट्झ यांनी सोयाबीनमधून एक प्रथिन स्फटिकरूपात वेगळे केले. हे प्रथिन ट्रिप्सिनला घट्ट चिकटते. ट्रिप्सिन म्हणजे स्वादुपिंडातून आतड्यात येणारा, प्रथिने तोडणारा पाचक रस. कात्रीच्या पात्यात खडा अडकावा तसे होते, कात्री आहे पण कापत नाही. शरीराला वाटते ट्रिप्सिन कमी पडले, म्हणून स्वादुपिंड आणखी पाचक रस तयार करते. कच्चे सोयाबीन खाणाऱ्या पिल्लांचे स्वादुपिंड त्यामुळे सुजल्यासारखे मोठे झालेले आढळते. आणि हे पाचक रसही प्रथिनांचेच, त्यात गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर. ती विष्ठेतून वाया जातात. सोयाबीनमध्ये नेमकी मेथिओनिन आणि सिस्टिन ही गंधकयुक्त आम्लेच आधी तोकडी असतात. म्हणजे मुळात कमी, त्यात गळती. अन्न न पचण्यापुरता हा तोटा थांबत नाही, अंगातलेही थोडे निघून जाते.

बी असे का करते, असे कोणीतरी विचारतेच. बी हे पुढच्या रोपाची शिदोरी आहे, आपल्यासाठी ते तयार झालेले नाही. किडीने, उंदराने, पक्ष्याने ते खाऊन पचवू नये म्हणून झाडाने केलेली ही तजवीज. ट्रिप्सिन रोखणारे घटक तुरीत, हरभऱ्यात, वालातही आहेत, सोयाबीनपेक्षा कमी. घेवड्यात आणि राजम्यात त्यांच्या जोडीला लेक्टिन असते, जे आतड्याच्या अस्तराला चिकटते. कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा याच कुळातला. ऑसबोर्न आणि मेंडेल यांनी घेवड्याचे फॅसिओलिन उंदरांना दिले तेव्हा त्यांचीही वाढ झाली नाही. १९२० मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातील जॉन्स आणि फिंक्स यांनी घेवड्याच्या प्रथिनाला सिस्टिनची जोड हवी आणि शिजवणेही हवे, हे दाखवले. म्हणून घेवडा रात्रभर भिजवा, ते पाणी ओता आणि चांगला खळखळ उकळून शिजवा. मंद आचेवर कोमट शिजवलेला राजमा कच्च्याइतकाच त्रास देऊ शकतो.

आपल्या कोकणातल्या बायकांनी कडव्या वालांना भिजवून, मोड आणून, सोलून, मग शिजवायचे हे कोणत्या प्रयोगशाळेत शिकले? कुठेच नाही. भिजवल्याने काही घटक पाण्यात उतरतात, मोड आल्याने फायटेट कमी होते, साल गेल्याने टॅनिन जाते आणि शिजवल्याने ट्रिप्सिन रोखणारे प्रथिन व लेक्टिन निकामी होते. फायटेट उष्णतेने फारसे जात नाही, त्याला भिजवणे आणि मोडच हवेत. सोयाबीन मात्र आपल्याकडे उशिरा आले. त्याच्याबरोबर आजीची रीत आली नाही. पीक आले, बाजारभाव आला, तेलाचा कारखाना आला, पण ते घरात कसे खायचे हे कोणी शिकवले नाही. कच्चे दळून पोळीत घालण्याची कल्पना या रिकाम्या जागेतून आली आहे असे मला वाटते. पोळी तव्यावर जेमतेम दोन मिनिटे असते, आतला पाण्याचा अंश लगेच उडतो. तेवढ्यात काम होत नाही.

मग घरी काय करायचे? सोयाबीन निवडून उकळत्या पाण्यात टाका आणि सुमारे अर्धा तास उकळू द्या. पाणी काढून टाका, उन्हात कडक वाळवा, साल पाखडून काढा, मग दळणात घाला. गव्हाच्या नऊ भागांना सोयाबीनचा एक भाग पुरे. गव्हात लायसिन कमी आणि सोयाबीनमध्ये भरपूर, त्यामुळे दोघे एकमेकांची उणीव भरतात. डाळ-भाकरीतही हेच घडते. कोंबड्यांसाठी कच्चा भरडा नको, तेल काढलेली भाजलेली पेंड घ्या. खाद्य कारखाने पेंडीची युरिएज चाचणी करतात ती यासाठीच. युरिएज हे सोयाबीनमधले दुसरे विकर साधारण तेवढ्याच उष्णतेला मरते, म्हणून ते मेले असेल तर ट्रिप्सिन रोखणारेही गेले असे धरता येते. मात्र पेंड करपेपर्यंत भाजली तर लायसिन साखरेशी बांधले जाऊन वाया जाते. गडद तपकिरी, जळका वास येणारी पेंड स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. आणि प्रत्येक धान्याला हाच नियम लावू नका. ज्वारीत उलट होते, पाण्यात शिजवल्यावर तिच्या प्रथिनांचे दुवे एकमेकांत घट्ट अडकतात आणि पचनक्षमता थोडी कमी होते.

शेतातून यात काही करता येते का? थोडे करता येते. गंधक कमी असलेल्या जमिनीत सोयाबीन गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असलेले प्रथिन जास्त साठवते. माती परीक्षणात गंधक कमी निघाला तर तो द्या. त्याचा फायदा उत्पादनापुरताच राहत नाही, दाण्याच्या प्रतीतही दिसतो.

पुन्हा ऑसबोर्न यांच्याकडे. १९१९ मध्ये ऑसबोर्न, मेंडेल आणि त्यांच्या सहकारी एडना फेरी यांनी प्रथिनाची प्रत आकड्यात सांगण्याची पद्धत दिली. पिल्लाने किती ग्रॅम प्रथिन खाल्ले आणि त्याचे वजन किती ग्रॅम वाढले, याचा भागाकार. चाळीस ग्रॅम खाऊन शंभर ग्रॅम वाढले तर अडीच. इतके साधे, पण त्यामुळे पहिल्यांदा दोन खाद्यांची तुलना टक्क्यांवर न होता वाढीवर होऊ लागली. अन्नशास्त्रात ही पद्धत पुढे अनेक दशके वापरात होती. पशुखाद्य विक्रेता तुम्हाला अजूनही फक्त टक्के सांगतो. त्याला पचनीय प्रथिन किती, हे विचारून पाहा.

उतारवयात त्यांनी पानांतील प्रथिनांकडे मोर्चा वळवला. पालक आणि लसूणघास यांवर काम सुरू केले आणि इंग्लंडहून आलेले चिबनॉल काही काळ त्यांच्याकडे शिकले. १९२८ मध्ये ते निवृत्त झाले. अमेरिकेतील धान्य रसायनतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांच्या नावाने पदक सुरू केले होते, ते पहिले पदक त्याच वर्षी त्यांनाच देण्यात आले. २९ जानेवारी १९२९ रोजी न्यू हेवनमध्येच त्यांचे निधन झाले. जन्म, शिक्षण, नोकरी, लग्न, संशोधन आणि मृत्यू, सगळे एका गावात.

त्यांच्या उंदरांनी उभा केलेला प्रश्न अलीकडे पैदासकारांनी दाण्यातच सोडवायला घेतला आहे. मक्यात १९६४ मध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ओपेक-२ हे जनुक लायसिन आणि ट्रिप्टोफॅन वाढवते असे दिसले. त्यावरून पुढे वसल आणि विलेगास यांनी दर्जेदार प्रथिनांचा मका तयार केला आणि २००० साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. सोयाबीनमध्ये इंदूरच्या भारतीय सोयाबीन संशोधन संस्थेने एनआरसी १२७ हे कुनिट्झ ट्रिप्सिन रोधक नसलेले वाण दिले, त्यानंतर एनआरसी १४२ आले. बियाणे घेण्यापूर्वी ते आपल्या भागासाठी शिफारशीत आहे का ते कृषी विभागाकडून तपासून घ्या. अशा वाणाला शिजवायला उष्णता कमी लागते. पण बोमन-बर्क नावाचा दुसरा ट्रिप्सिन रोधक त्यातही शिल्लक असतो, त्यामुळे ही वाणेसुद्धा उकळूनच वापरा.